घरातली दारू आणि वाढती लेकरं: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

दारू कशी सोडवावी हे विचारणारी पत्रं नेहमीच येतात. या अंकासाठी निवडलेल्या पत्रांत त्यासोबतच पिणाऱ्याच्या आजूबाजूला वाढणारी लेकरं आणि म्हातारपणाकडे झुकलेली माणसंही आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं-गावं दिलेली नाहीत, फक्त जिल्हा दिला आहे.

प्रश्न: मालक (नवरा) रोज सांजच्याला चौदा वर्षांच्या लेकराला क्वार्टर आणायला पाठवतात. मागच्या कंदुरीत (बोकडाच्या जेवणावळीत) चुलत्यांनी त्याला बिअरचा ग्लास दिला, "घे, आता मोठा झालास" म्हणाले. मी बोलले तर घरात भांडण होतं. लेकरू बिघडेल का? (बीड जिल्हा)

उत्तर: ताई, आधी कायद्याचं सांगतो, कारण घरात बोलताना त्याचा आधार लागेल. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणं हा गुन्हा आहे. कलम ७८ मध्ये मुलाकडून दारूची विक्री, वाहतूक किंवा पुरवठा करून घेणं येतं. दोन्हींत सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय महाराष्ट्रात बिअरसाठीसुद्धा वयाची अट एकवीस आहे, म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात बाटली देणारा दुकानदारही अडकतो. नवऱ्याशी भांडण्याआधी त्या दुकानदाराला गाठा. "पुन्हा माझ्या लेकराला दिलीस तर उत्पादन शुल्क विभागात अर्ज देईन," एवढं एका जाणत्या माणसाला सोबत घेऊन सांगा. परवाना जाण्याची भीती असते, त्यामुळे बहुतेक वेळा वाट तिथंच बंद होते.

आता लेकराचं. दारूच्या व्यसनाचा साधारण निम्मा धोका आनुवंशिक असतो, उरलेला घर, सोबत आणि पहिला घोट कोणत्या वयात घेतला यावर ठरतो. पंधरा वर्षांच्या आत पिणं सुरू करणाऱ्यांत पुढं व्यसन लागण्याचं प्रमाण, एकविशीनंतर सुरू करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं. मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. कंदुरीतला तो ग्लास म्हणूनच किरकोळ नाही. चुलत्यांना हे त्यांच्या भाषेत, पण पुढच्या कार्यक्रमाच्या चार दिवस आधी सांगा. ऐन पंगतीत सांगितलं तर त्यांना अपमान वाटेल आणि ते हट्टाला पेटतील.

तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट घराचा दिनक्रम आहे. अमेरिकेत स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांनी दारूचं व्यसन असलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला. ज्या घरांत पिणं वाढलं तरी जेवणाची वेळ, सणवार, पाहुण्यांचं येणं-जाणं पूर्वीसारखंच राहिलं, तिथं व्यसन पुढच्या पिढीत कमी गेलं. दारूनुसार सगळं घर हलू लागलं तिथं ते जास्त गेलं. आठ वाजता जेवायचं ठरलं असेल तर वडील आलेले असोत-नसोत, आठलाच ताटं वाढा. त्यांचं झाकून ठेवा. ते पिऊन पडले म्हणून पोळ्याला बैलांची पूजा थांबवू नका, दीर किंवा मुलगा करील. करीच्या दिवशी गावात पिणं जास्त असतं, त्या दिवशी लेकरांना मामाकडं पाठवायचं असेल तर आठ दिवस आधी ठरवा. ऐन वेळी पळवून नेलं की लेकरांच्या मनात सण म्हणजे भीती हेच बसतं.

मुलाला गुत्त्यावरून बापाला उचलून आणायला पाठवू नका. "बाबांना ताप आहे" असं कामावर किंवा मुकादमाला खोटं सांगायलाही लावू नका. अशी मुलं लवकर शहाणी दिसतात, आपण कौतुक करतो, पण ती सारखी दाराकडं कान लावून असतात. आज पावलं कशी वाजतायत यावरून घरचा रंग ओळखायची सवय मोठेपणीही सुटत नाही. एकदा शांतपणे जवळ बसवून सांगा: बाबांचं पिणं तुझ्यामुळं नाही, ते थांबवणं तुझं काम नाही, आणि भीती वाटली तर कुठल्या घरी जायचं ते हे. ते घर आधी ठरवून, त्यांना विचारून ठेवा. मारहाण होत असेल तर मुलांसाठी १०९८, तुमच्यासाठी १८१, तातडीला ११२.

प्रश्न: ओळखीच्या मेडिकलवाल्यानं दारू सोडवायच्या गोळ्या दिल्यात. भाजीत कुटून घाला, कळू देऊ नका, असं म्हणाला. चार दिवस घातल्या. काल ते पिऊन आले तर तोंड लाल झालं, उलट्या झाल्या, छातीत धडधडत होतं. गोळीचा गुण येतोय का? (परभणी)

उत्तर: हा गुण नाही, धोका आहे. भाजीत घालणं आजपासून बंद करा आणि त्यांना खरं सांगा. लक्षणांवरून ही गोळी डायसल्फिरामची असावी. पाकीट जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवावं लागेल.

दारू शरीरात गेली की यकृत तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात आणि मग निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करतं. ही गोळी दुसरी पायरी अडवते. विष साठतं, दहा ते तीस मिनिटांत तोंड लाल होतं, उलट्या, धडधड, रक्तदाब खाली. हृदयाचा आजार असलेल्या माणसाचा यात जीव जाऊ शकतो. गोळी बंद केली तरी तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो, म्हणून खरं सांगणं आवश्यक आहे. माहीत नसलेला माणूस पीतच राहणार.

ही गोळी वाईट नाही, चोरून देणं वाईट. नीट दिली तर ती काम करते. माणूस तयार असावा लागतो, निदान बारा तास दारू घेतलेली नसावी, यकृताची रक्ततपासणी आणि हृदयाचा आलेख काढलेला असावा, डॉक्टरांनी संमती घेतलेली असावी. मग रोज सकाळी त्यांनीच, तुमच्यासमोर गोळी घ्यायची. या काळात खोकल्याची काही औषधं, द्राक्षासव-दशमूलारिष्ट यांसारखी आसवं-अरिष्टं आणि दाढीनंतर लावायचं लोशनसुद्धा टाळावं लागतं, कारण त्यांत अल्कोहोल असतो. सांजच्याला थकलेला माणूस भाजीतल्या गोळीचा संशय घेऊ लागला की घरात जेवणंच सोडतो आणि बाहेर पितो. विश्वास गेला की पुढचा उपचार लांबतो.

प्रश्न: सासूबाई म्हणतात तुळजापूरला नेऊन शपथ घालू, एका दिवसात सुटेल. यांची रोज दोन-तीन क्वार्टर असते, सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्या उठल्या घेतात. (धाराशिव)

उत्तर: शपथ घ्यावी, मनाला बळ येतं. पण आधी डॉक्टर, मग देवी. सकाळच्या थरथरीसाठी पिणारा माणूस एकदम थांबला तर शरीर बंड करतं.

१८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असेल तर शुद्ध अल्कोहोल साधारण ६१ ग्रॅम येतो. म्हणजे तुमच्या घरी रोज १२० ते १८० ग्रॅम जातोय. इतकी सवय असताना बंद केलं की सहा-आठ तासांत घाम, थरथर, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत माणूस बरळतो, अंगावर किडे दिसतात, घरची माणसं ओळखत नाही, ताप चढतो. गावात याला बाहेरचं लागलं समजून देवऋषाकडं नेतात आणि तिथं वेळ जातो. उपचाराविना यात मृत्यू होतो.

जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडचं वैद्यकीय महाविद्यालय यांपैकी जवळचं गाठा. काही दिवस भरती ठेवून कमी कमी करत जाणाऱ्या गोळ्या आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. गावातल्या दवाखान्यात अशक्तपणासाठी ग्लुकोजचं सलाइन लावणार असतील तर "हे रोज पितात, बी-वन दिलं का?" हे आवर्जून विचारा. बी-वनची कमतरता असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर गोंधळणं, तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं असा मेंदूचा आजार उफाळू शकतो. सुटी झाल्यावर तुळजापूरला जरूर जा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आहे.

प्रश्न: वडील दारूनं लिव्हर खराब होऊन गेले. मी २६ वर्षांचा. मित्रांत कधीतरी घेतो, पण मला चढतच नाही, सगळे पडले तरी मी गाडी चालवतो. लग्न ठरतंय. मुलीकडं सांगावं का? (लातूर)

उत्तर: सांगावं. पण तुमच्या पत्रातलं एक वेगळंच वाक्य जास्त काळजीचं आहे. "चढत नाही" ही ताकद नसून धोक्याची खूण आहे. व्यसनी वडिलांच्या ज्या मुलांना दारूचा परिणाम कमी जाणवतो, त्यांना पुढं व्यसन लागण्याची शक्यता जास्त, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. थांबायची सूचना देणारी घंटाच शरीर वाजवत नाही, म्हणून प्रमाण वाढत जातं. रक्तातला अल्कोहोल मात्र इतरांइतकाच असतो, तेव्हा गाडी अजिबात नाही. तुमच्यासाठी सुरक्षित प्रमाण सांगत बसण्यापेक्षा पूर्ण बंद हाच सल्ला. वरातीपासूनच सुरुवात करा.

प्रश्न: ऊसतोडीला आम्ही दोघं एक कोयता (नवरा-बायकोची जोडी). उचलीतले (आगाऊ मिळालेले) पैसे हे कोपीवरच (फडावरच्या झोपडीवरच) दारूत घालवतात. उपचार कधी करावा? लेकरांचं काय? (बीड)

उत्तर: हंगामाच्या तोंडावर नको, परतल्यावर लगेच, एप्रिल-मेमध्ये. भरतीनंतरचे पहिले तीन महिने पुन्हा सुरू होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो आणि त्या काळात दवाखान्याला फेऱ्या माराव्या लागतात, त्या फडावरून होत नाहीत. उचल ठरतानाच तुमच्या वाट्याचे पैसे तुमच्या बँक खात्यावर टाकायला मुकादमाला सांगा, चार लोकांसमोर. लेकरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी दिवाळीच्या आधी करा.

प्रश्न: सासरे ७० वर्षांचे, शुगरची गोळी चालू. सासूबाई गेल्यापासून झोपेसाठी रोज नाइन्टी (९० मिली दारू) घेतात. एवढ्यानं काय होतं? (जालना)

उत्तर: वयानुसार शरीरातलं पाणी कमी होतं, त्यामुळं तीच नाइन्टी तरुणपणापेक्षा जास्त चढते. झोप लवकर लागते, पण पहाटे तीनला मोडते, मग लघवीला उठताना तोल जातो. मोठी भीती साखर खाली जाण्याची. दारू यकृताला साखर सोडू देत नाही, त्यात ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर मध्यरात्री साखर घसरते. घाम, बडबड, लडखडणं दिसतं आणि घरचे "चढली" म्हणून झोपू देतात. अशा वेळी ग्लुकोमीटरवर तपासा. ७० च्या खाली असेल आणि ते शुद्धीत असतील तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही न घालता १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. झोपेची गोळी दारूसोबत कधीच नको, श्वास मंदावतो. रोजची सवय आहे, तेव्हा एकदम हिसकावू नका, डॉक्टरांना शुगरच्या गोळीसकट सगळं सांगून कमी करत आणा. आणि सांजच्याला त्यांच्यापाशी कुणीतरी बसत जा, सासूबाई गेल्यानंतरचा एकटेपणा याच वेळी जास्त जाणवतो.