बेसमेंटमधलं पाणी: पेंटच्या आधी ते जाणार कुठे ते बघा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. नेरूळची सोसायटी, बेसमेंट पार्किंग, पाऊस थांबला तरी भिंत आणि फरशीच्या सांध्यातून पाणी चालूच, आणि कमिटी आतून एपॉक्सी पेंट मारायचं कोटेशन पास करायच्या बेतात. आमच्या वाशीच्या बिल्डिंगला हेच झालं होतं. कृपा करून ते कोटेशन थांबवा.

बाहेरचं पाणी फरशीपेक्षा एक मीटर वर असेल तर फरशीला खालून चौरस मीटरमागे साधारण एक टन जोर लागतो, त्याच्यापुढे आतून मारलेला पेंट काय टिकणार, फुगतो आणि पापुद्रे निघतात. क्रिस्टलाइन कोटिंग (काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक तयार करून ती बुजवणारं) आतून चालतं असं सांगतील, ते खरंही आहे, पण वाहत्या सांध्यावर नाही, आधी पीयू इंजेक्शनने (सांध्यात फुगणारं पॉलियुरेथेन भरून) गळती बंद करावी लागते.

सम्प (पाणी गोळा व्हायचा खड्डा), फ्लोट स्विच (पाणी चढलं की मोटर आपोआप चालू करणारा), दोन मोटर हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. आधी पाणी कुठलं ते शोधा. टीडीएसचं पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) घ्या. नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं, त्याचा आकडा कमी असतो. सांध्यातल्या पाण्याचा त्याच्या आसपास आला तर अंडरग्राउंड टाकी किंवा पाइपलाइन फुटलीय का बघा, हजारांत गेला तर खाडीकडचं खारं पाणी. मग वॉचमनला दिवसातून चार-पाच वेळा मोटर चालू व्हायच्या आधी सम्पची पातळी वेळेसकट लिहायला सांगा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, तुमची वाढलेली पातळीही तशीच सरकत असेल तर पाणी भरतीचं, उत्तर मिळालं. (ठाण्यात घोडबंदरच्या बाजूला गोष्ट वेगळी, तिथे येऊरच्या डोंगरातलं पाणी मुरमातून उतरतं, त्यामुळे तिकडच्या लोकांचे सल्ले जसेच्या तसे उचलू नका.)

आता आमचं सगळ्यात जास्त नुकसान कशाने झालं ते. बिल्डरने मोटरचा डिस्चार्ज पाइप जमिनीखालूनच रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडला होता. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणून तर सिडकोने धारण तलाव (पावसाचं पाणी साठवून धरणारे) आणि खाडीच्या तोंडाशी झडपा ठेवल्या. भरती असताना झडपा बंद असतात, त्यात मोठा पाऊस आला की गटार तुडुंब. एनआरव्हीत (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) गाळ अडकलेला, त्यामुळे मोटर बंद झाली की गटारातलं पाणी पाइपातून परत सम्पमध्ये, मोटर पुन्हा चालू, तेच पाणी रात्रभर फिरतंय आणि आम्ही समजतोय की भिंत गळतेय!

आम्हाला एका कार्यालयाकडून फक्त दोन गोष्टी लेखी हव्या होत्या, आमच्या गेटसमोरच्या गटाराच्या तळाची लेव्हल आणि कनेक्शन पुढच्या चेंबरला हलवायची परवानगी. तर म्हणे हे गटार आमच्याकडे नाही, अमक्या टेबलावर जा, तिथे म्हणे ते तर केव्हाच हस्तांतरित झालं, पावसाळ्यात म्हणे पावसाळ्यानंतर या, पावसाळ्यानंतर म्हणे आता कुठे पाणी आहे. तोवर मोटर जळल्या, लिफ्टच्या पिटमध्ये पाणी जाऊन लिफ्ट बंद, वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं घरात अडकली. ज्या लेव्हलचा कागद त्यांच्या कपाटात असायला हवा तो द्यायला एवढं काय लागतं? अजून संताप होतो. शेवटी खासगी सर्व्हेयरकडून लेव्हल काढून घेतली.

उपाय तसा साधा निघाला. डिस्चार्ज पाइप रस्त्याच्या लेव्हलच्या बराच वर नेऊन, वाकवून मग गटारात सोडला, वरच्या टोकाला हवेचा व्हॉल्व्ह (नाहीतर सायफन होऊन पाणी उलटं येतं), आणि एनआरव्ही हाताला येईल असा, साफ करता यावा म्हणून. त्यानंतर जी खरी गळती उरली तिच्यासाठी आतून भिंतीच्या कडेने उथळ नाली काढून सम्पला जोडली, इंजेक्शन फक्त वाहत्या जागांना.

रॅम्पचं पाणी मात्र मोजून घ्या. तासाला 100 मिमी पाऊस 100 चौरस मीटरवर म्हणजे 10,000 लिटर, ते सम्पमध्ये कशाला घ्यायचं? रॅम्पच्या वरच्या तोंडाला उंचवटा आणि आडवी जाळी टाकून बाहेरच अडवा. लोखंडी जाळी खाऱ्या हवेत सडते, एफआरपीची (फायबरची) घ्या. मोटर जनरेटरवर चालते का तेही पावसाळ्याआधी बघा, आमच्या इलेक्ट्रिशियनने लिफ्ट जोडली होती, मोटर नाही.

मी इंजिनियर नाही, सोसायटीचं काम बघून शिकलोय. पाण्याबरोबर माती येत असेल, गढूळ दिसत असेल, तर नुसतं उपसत बसू नका, फाउंडेशनखालची माती वाहून जात असू शकते, स्ट्रक्चरल इंजिनियरला लगेच बोलवा. आणि दाब मोकळा करायला फरशीला भोकं पाडू असं कोणी कॉन्ट्रॅक्टर म्हणाला तर त्याच इंजिनियरच्या सहीशिवाय हात लावू देऊ नका.

टीडीएसचा आकडा, पातळीच्या वेळा आणि डिस्चार्ज पाइप कुठे सुटतो त्याचा फोटो इथे टाका, मग मोटर किती एचपीची लागेल ते बघू.