फाटक आधी, सिग्नल नंतर

प्रश्न : दिव्याच्या फाटकापाशी लोकल उगाचच उभी राहिलेली मी अनेकदा पाहिली आहे. गावाकडच्या फाटकात मात्र गेटमन फोनवर दोन शब्द बोलतो आणि फाटक लावतो. या दोन पद्धती वेगळ्या आहेत का? गेटमनवर लक्ष कोण ठेवते?
– एक वाचक, दिवा

उत्तर : लोकल तिथे बहुधा फाटकाची वाट पाहत उभी असते. वर्दळीचे फाटक सिग्नलशी ‘इंटरलॉक’ केलेले असते, म्हणजे दोन्ही बाजूंचे दांडे पूर्ण खाली येऊन त्यांना कुलूप लागल्याखेरीज गाडीला सिग्नल मिळूच शकत नाही. एखाद्या रिक्षावाल्याने ऐनवेळी पुढचे चाक आत घातले, की दांडा अडतो, सिग्नल लाल राहतो आणि मागे गाड्यांची रांग लागते. अशा सिग्नलच्या खांबावर पिवळ्या गोल पाटीवर काळे ‘जी’ अक्षर असते. दारात लटकण्याऐवजी खिडकीतून पाहिलेत तर दिसेल.

गावाकडचे फाटक इंटरलॉक नसलेले असावे. तिथे गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर गेटमनला फोन करतात, गेटमन फाटक लावून कुलूप घालतो आणि खात्री म्हणून आपल्याजवळच्या छापील तक्त्यातला एक ‘प्रायव्हेट नंबर’ सांगतो. तो दोन्हीकडच्या वह्यांत लिहिला जातो आणि एकदा वापरला की तक्त्यातून खोडला जातो. फाटक न लावताच नंबर दिला, तर गाडीला अडवणारा सिग्नल तिथे नसतो; माझ्या मते खरा धोका इथेच आहे.

8 जुलै 2025 रोजी तामिळनाडूत कडलूरजवळ अशाच इंटरलॉक नसलेल्या फाटकावर शाळेच्या व्हॅनला गाडीची धडक बसून मुले दगावली. त्यानंतर फाटकांवर सीसीटीव्ही बसवण्याचे आणि गेटमन व स्टेशन मास्तर यांच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण रोज अचानक तपासण्याचे आदेश निघाले. दिवसभरातल्या गाड्यांना रस्त्यावरच्या वाहनांच्या एककांनी (म्हणजे प्रकारानुसार मोजलेल्या वाहनसंख्येने) गुणून जो आकडा येतो, तो 20,000 च्या वर गेला तरच पूर्वी फाटक इंटरलॉक करत. ही मर्यादा आता 10,000 वर आणली आहे.

गेटमनच नसलेली फाटके ब्रॉडगेजवरून जानेवारी 2019 पर्यंत हटवण्यात आली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 131 नुसार अशा फाटकापाशी चालकाने गाडी थांबवायची आणि वाहक किंवा क्लीनरने पायी पुढे जाऊन रूळ मोकळा असल्याची खात्री करायची असते.