समोरचा उलटून मारतो तेव्हा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरतात: पारंपरिक पद्धतीने शिकलेले डाव स्पॅरिंगमध्ये (जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीत), रिंगमध्ये का चालत नाहीत? त्यांतली तीन आणि डोक्याला लागण्याबद्दलचे एक अशी चार पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : सहा वर्षे शोटोकान कराटे करतो आहे, ब्राउन बेल्ट आहे. गेल्या महिन्यात किकबॉक्सिंगच्या क्लासमध्ये पहिल्यांदा स्पॅरिंग केले. समोरचा मुलगा जेमतेम आठ महिने शिकलेला. तीन राउंड त्याने मला नुसते बदडले, माझा एकही ठोसा धड लागला नाही. सहा वर्षे पाण्यात गेली का?

पाण्यात गेली नाहीत. मात्र जे तुमच्या अंगवळणी पडले आहे त्यातल्या चार गोष्टी तिथे तुमच्यावरच उलटल्या.

पहिली गोष्ट म्हणजे बचाव. इप्पोन कुमितेमध्ये, म्हणजे कराटेतल्या एका ठोशाच्या ठरवून केलेल्या सरावात, समोरचा कुठे मारणार हे आधी सांगतो, एक पाऊल पुढे येऊन एकच ठोसा मारतो आणि हात तसाच ताणून थांबतो. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, असा थांबत नाही, लागतो तितक्याच झपाट्याने परत जातो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात आणि जवळून आलेला जॅब तेवढ्यात तोंडावर पोहोचलेला असतो. त्यातून तुमच्या आगे-उकेत (हात वर नेऊन ठोसा अडवण्यात) आधी हात एकमेकांवरून नेणे आणि मग वर उचलणे अशा दोन हालचाली आहेत. किकबॉक्सर ग्लोव्हज गालाच्या हाडाजवळच ठेवतो, त्यामुळे त्याला हात चार बोटे सरकवले तरी पुरते. शिवाय तो ठोशाकडे बघत नाही. खांदा आणि पुढचे पाऊल कधी हलते ते बघतो.

दुसरी हिकिते. एका हाताने ठोसा मारताना दुसरा हात कमरेशी ओढायचा, हे हजारो वेळा घोटलेले असते. मुळात त्या हाताने समोरच्याचे मनगट किंवा बाही धरून खेचायची असते. हवेत ठोसे मारताना ते खेचणे गळून पडते, कमरेशी गेलेला हात तेवढा उरतो आणि अर्धा चेहरा उघडा पडतो.

तिसरी पवित्रा. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवलेल्या लांब पवित्र्यात, 60 टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या पायावर असतो. मांडीवर लो किक येताना तोच पाय झटकन उचलून नडगीवर लाथ झेलायची असते. भार पेलणारा पाय उचलता येत नाही. तीन-चार लाथांत मांडी बधिर होते आणि मग पुढे झेपावताही येत नाही.

चौथी कुणी सांगत नाही, आणि आमच्या मते तीच सर्वांत खोल मुरलेली असते. गुणांच्या कुमितेत (कराटेच्या लढतीत) ठोसा लागला की पंच ‘यामे’, म्हणजे ‘थांबा’, म्हणतात आणि शरीर सैल सोडायला शिकते. रिंगमध्ये नेमक्या त्याच क्षणी उलटा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) येतो. त्या मुलाचे बरेचसे फटके तुम्ही मारून झाल्यावर लागले असतील, आठवून पाहा.

तुमच्याकडे जे आहे तेही कमी नाही. लांबून एकदम आत घुसणे, कंबर वापरून सरळ ठोसा मारणे, पुढच्या पायाची लाथ, अंतराचा अंदाज या गोष्टी नव्या किकबॉक्सरला वर्षभरातही येत नाहीत. शोटोकानमधून आलेला ल्योतो माचिदा 2009 मध्ये यूएफसी या मिश्र लढतींच्या स्पर्धेत लाइट हेवीवेट गटाचा विजेता झाला तो याच अंतराच्या जोरावर. पण कराटेच्या जोडीला त्याने सुमो आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवरच्या पकडींची कुस्ती) शिकले होते आणि तगड्या लोकांशी स्पॅरिंगही केले होते.

आता करायचे काय? बारा आठवडे द्या, आठवड्यातून दोन दिवस. पहिले तीन आठवडे दोघांनीही 16 औंसाचे ग्लोव्हज घालायचे. एकाने फक्त जॅब मारायचा आणि दुसऱ्याने फक्त बचाव करायचा, दोन मिनिटांचे चार राउंड, जोर चौथा हिस्सा. अंगठा गालाच्या हाडाला टेकलेला हवा. हात खाली गेला की जोडीदाराने त्याच बाजूच्या गालावर टपली मारायची. याच आठवड्यांत ठोसा येताना डोळे मिटणे, मान वळवणे आणि श्वास रोखणे या तीन खोडी मोडायच्या असतात. श्वास रोखला की दुसऱ्या मिनिटाला धाप लागते. दम संपला असे वाटते, पण खरे कारण बहुतेकदा हेच असते.

चौथ्या आठवड्यापासून दोघांनी जॅब मारायचा, मग क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) आणि समोरची लाथ मिळवायची. सातव्यापासून शिन गार्ड (नडगीची पट्टी) घालून लो किक. तुमचा पवित्रा थोडा आखूड करा, टाच हलकी ठेवा. याच टप्प्यात दर राउंडला कराटेतली एकच गोष्ट निवडा, समजा ग्याकु-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा. ती दहा वेळा लावायचा प्रयत्न करा आणि किती लागले ते वहीत लिहा. दहात एकही लागला नाही तर बहुधा आधी हूल दिलेली नसते. खांदा हलवून जॅबची हूल द्या, समोरचा माणूस हात उचलेल, तेव्हा खाली पोटात ग्याकु-झुकी मारा. दहाव्या आठवड्यापासून तीन मिनिटांचे तीन राउंड मोकळे स्पॅरिंग करा, मध्ये एक मिनिट विश्रांती.

या सगळ्यात बिघडते ते एकाच ठिकाणी. एकाला जरा जोरात लागते, तो परतफेड करतो आणि मिनिटभरात दोघेही आवेशाने हाणामारी करू लागतात. मग शिकणे थांबते आणि जुन्याच सवयी वर येतात. जोर वाढतो आहे असे वाटले की दहा सेकंद थांबा, ग्लोव्हज टेकवा आणि पुन्हा सुरू करा.

प्रश्न : मग काता (एकट्याने करायचा ठरावीक हालचालींचा क्रम) करण्यात काही अर्थ आहे का? आमचे सेन्सेई (गुरू) म्हणतात, सगळे कातात आहे. रिंगवाले म्हणतात, तो नाच आहे.

कातात डाव साठवलेला असतो. तो वापरायची सवय मात्र त्यात नसते. हा फरक ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी ओळखला होता. 1882 मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केल्यावर त्यांनी जुन्या जुजुत्सूतले ठोसे आणि धोकादायक डाव कातामध्ये जपून ठेवले. फेक, पकड, गळा आवळणे मात्र रांदोरीत घेतले, म्हणजे पूर्ण विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबरच्या सरावात. जे रोज पूर्ण ताकदीने करता येते तेच पक्के होते, म्हणून ज्युदोची फेक इतकी भेदक झाली.

तुम्ही एक प्रयोग करा. हेइआन शोदान या शोटोकानच्या सुरुवातीच्या कातामध्ये सुरुवातीलाच उजवा हात मागे ओढून वरून गोल फिरवत मुठीच्या कडेने खाली मारायचे आहे. धरलेले मनगट सोडवणे असा त्याचा अर्थ सर्रास सांगतात. जोडीदाराला मनगट नुसते धरायला सांगा. हात सहज सुटतो. मग धरून खेचायला सांगा. निम्म्या वेळा सुटतो. शेवटी धरून दुसऱ्या हाताने ठोसा मारायला सांगा. इथे बहुतेकांचा डाव कोलमडतो, कारण तो मोठा गोल पूर्ण होण्याआधी ठोसा पोहोचतो. उपाय म्हणजे मागे ओढायच्या आधी त्याच्या धरलेल्या हाताच्या बाहेरच्या बाजूला एक पाऊल टाकायचे, दुसरा हात चेहऱ्याशी ठेवायचा आणि अंगठा व बोटे मिळतात त्या फटीतून मनगट लहान गोलात सोडवायचे. वर्षाला असे दोन-तीन डाव जरी या तिसऱ्या पायरीपर्यंत नेले तरी काता सार्थकी लागतो. सव्वीसच्या सव्वीस काता नुसत्या पाठ करण्यापेक्षा हे खूप मोलाचे आहे.

प्रश्न : आमच्या शैलीतले डाव डोळे, गळा, जांघ यांवरचे आहेत. ते जीवघेणे असल्यामुळे रिंगमध्ये वापरता येत नाहीत, म्हणून आम्ही स्पॅरिंग करत नाही. हे बरोबर ना?

बरोबर नाही. डोळ्यात बोट घालायला जॅबचेच अंतर, तोच तोल आणि तोच वेळ साधावा लागतो. ज्याला हलत्या माणसाच्या चेहऱ्यावर ग्लोव्ह लावता येत नाही, त्याला बोटाएवढ्या जागेवर नेम कसा साधेल? 12 नोव्हेंबर 1993 ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी झाली तेव्हा वजनगट नव्हते आणि चावणे व डोळे काढणे वगळता बंदी फारशी नव्हती. तिथे जिंकला ब्राझिलियन जिउ-जित्सूचा रॉइस ग्रेसी. समोरच्याला खाली पाडून गळा आवळण्याचा सराव तो रोज खरोखर विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबर करत आला होता.

तुमचे डावही असे तपासता येतात. पूर्ण चेहरा झाकणारे हेडगिअर आणि ग्रॉइन गार्ड (जांघेचे कवच) घाला, गळा वगळा. एकाने फक्त तुमचे डाव वापरायचे, दुसऱ्याने साधे बॉक्सिंग करायचे.

प्रश्न : माझी मुलगी 13 वर्षांची आहे. स्पर्धेसाठी आठवड्यातून तीनदा जोरात स्पॅरिंग घेतात. परवा डोक्याला लागल्यावर तिला मळमळले, पण बेशुद्ध झाली नाही. हेडगिअर होते. काळजीचे कारण आहे का?

आहे. मेंदूला धक्का बसण्यासाठी बेशुद्ध व्हावेच लागते असे नाही. मळमळ, डोकेदुखी, गरगरणे, उजेड न सोसणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीपेक्षा चिडचीड ही त्याची लक्षणे आहेत. हेडगिअरमुळे कातडी फाटत नाही. कवटीच्या आत मेंदू हलतो तो त्याने थांबत नाही.

तिला डॉक्टरांकडे न्या आणि तोवर सराव पूर्ण बंद ठेवा. पुढे पायऱ्यापायऱ्यांनी परतायचे असते: एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती (घरातली हलकी हालचाल चालते), मग चालणे, हलके धावणे, एकटीने पॅडवर सराव, आणि डॉक्टरांनी लेखी होकार दिल्यावरच जोडीदार. प्रत्येक पायरीला किमान 24 तास द्यायचे आणि लक्षण परतले तर एक पायरी मागे यायचे. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून उठवणे कठीण जाणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे किंवा हातापायात अशक्तपणा जाणवला तर थेट रुग्णालयात जा.

या वयात डोक्यावर जोराचे फटके मारणारे स्पॅरिंग आठवड्यातून तीनदा काय, एकदाही नको. स्पर्धेची तयारी खांद्याला हात लावण्याच्या खेळाने, अंगावरच्या हलक्या स्पॅरिंगने आणि पॅडवर उत्तम होते. प्रशिक्षकांना हे स्पष्ट सांगा. ते ऐकत नसतील तर क्लास बदला.