दोघी जावांचा मसाला: भागीदारी करावी की कंपनी काढावी?

प्रश्न : आम्ही दोघी जावा साताऱ्यात चार वर्षांपासून कांदा-लसूण मसाला, मेतकूट आणि भाजणी करून विकतो. गिऱ्हाइकांचे पैसे माझ्या बँक खात्यात येतात आणि महिनाअखेर आम्ही नफा वाटून घेतो. आता पुण्यातील एका दुकानदाराला दरमहा उधारीवर माल हवा आहे. शिवाय कांडप यंत्रासाठी कर्ज काढायचे आहे. माझा भाऊ प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढा म्हणतो, तर सासऱ्यांच्या मते घरातल्या घरात कागदाची गरज नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : आपण कागद केला नसला तरी कायद्याच्या दृष्टीने आपली भागीदारी बहुधा केव्हाच सुरू झाली आहे. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार, सर्वांनी मिळून किंवा सर्वांच्या वतीने एकाने चालवलेल्या धंद्याचा नफा वाटून घेण्याचे ठरले की भागीदारी होते, आणि असे ठरणे तोंडीही चालते. मात्र तोंडी व्यवहारात जे बोलायचे राहून गेले असेल, तेथे कायद्याचे नियम लागू होतात. त्यानुसार नफा-तोटा समसमान वाटला जातो आणि धंद्यात केलेल्या कामाबद्दल कोणालाही वेगळा मोबदला मिळत नाही. जाऊबाई पहाटे उठून मिरच्या भाजत असतील आणि आपण हिशेब व विक्री पाहत असाल, तर या श्रमांची तुलना आज कुठेही लिहिलेली नाही. पैसे आपल्या खात्यात येत असल्यामुळे सगळे उत्पन्न आपलेच धरले जाण्याचाही संभव आहे.

सासऱ्यांचा मान राखूनही त्यांचे मत मला पटत नाही. माझ्या मामांचे कापडाचे दुकान एका जिवलग मित्राबरोबर होते. रोजकीर्द दोघांच्या अक्षरात, पानोपानी दोघांच्या सह्या, परंतु कोणाचा हिस्सा किती, हे त्या वहीत कुठेच नव्हते. मित्र अचानक गेले आणि ऐन लग्नसराईत बँकेतील खाते अडकले. वारसांशी बोलणी संपेपर्यंत एक वर्ष गेले आणि दोन घरांचे येणेजाणे थांबले. कोणीही लबाडी केलेली नव्हती, हेच मला आजही टोचते.

आता पर्याय पाहू. धंदा एकीच्या नावावर ठेवणे सर्वांत सोपे आहे. वेगळा पॅन लागत नाही आणि कर व्यक्तीच्या टप्प्यांनुसारच भरावा लागतो. परंतु मग दुसरी जाऊ मालकीण न राहता पगारदार होते, म्हणून मी तो सुचवणार नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत जबाबदारी भागभांडवलापुरती मर्यादित राहते, हे खरे. मात्र उलाढाल कितीही लहान असली तरी दरवर्षी लेखापरीक्षण करून विवरणपत्रे भरावी लागतात, आणि लहान कंपनीला कर्ज देताना बँक बहुतेक वेळा संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच. त्यामुळे ज्या कर्जासाठी संरक्षण हवे, नेमके तेथेच ते तोकडे पडते.

मधला मार्ग २००८ च्या कायद्यातील मर्यादित दायित्व भागीदारीचा, म्हणजे एलएलपीचा आहे; तीत भागीदारी राहूनही जबाबदारी कंपनीसारखी मर्यादित राहते. तिची उलाढाल ४० लाखांच्या किंवा भागीदारांचे भांडवल २५ लाखांच्या पुढे गेल्याशिवाय त्या कायद्याखाली लेखापरीक्षण सक्तीचे नाही. मात्र वार्षिक विवरणपत्रे धंदा झाला नाही तरी भरावी लागतात. माझा सल्ला असा, की आज नोंदणीकृत भागीदारी करावी आणि उधारीचा व्यवहार वाढला की तिचे एलएलपीत रूपांतर करावे. कायद्यात तशी सोय आहे. दरम्यान एक धोका डोळ्यांसमोर ठेवावा : साध्या भागीदारीत धंद्याच्या संपूर्ण कर्जाला प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेसह जबाबदार असतो आणि एकीने धंद्यासाठी केलेला व्यवहार दुसरीवरही बंधनकारक ठरतो. म्हणून ठरावीक रकमेपुढील खरेदीला आणि प्रत्येक कर्जाला दोघींच्या सह्या लागतील, असे करारात लिहावे आणि बँकेलाही तसे कळवावे.

करारपत्र दुसऱ्याच्या करारावरून नावे बदलून उतरवू नये. भांडवल किती, यंत्र कोणाच्या मालकीचे, दरमहा मोबदला किती, आजारपणात किंवा बाळंतपणात हिस्सा कसा, हे सारे त्यात यावे. मसाल्याचे प्रमाण कोणाचे, हेही लिहावे. ते जाऊबाईंच्या माहेरचे असेल, तर धंदा मोडल्यावर ते कोणी वापरायचे, यावरून पुढे वाद होऊ शकतो. पाकिटावरील नावाचेही तसेच आहे. आणि मृत्यूचे कलम टाळू नये. भागीदार दोनच असतील तर एकीच्या निधनाने भागीदारी संपते, कारण एकटी व्यक्ती भागीदारी चालवू शकत नाही. म्हणून मागे राहिलेल्या जावेने धंदा स्वतःच्या नावाने चालवावा आणि दुसरीच्या वारसांना ठरलेल्या पद्धतीने हिस्स्याची किंमत द्यावी, असे आजच लिहून ठेवावे.

करार झाल्यावर भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदणी करावी, संस्थेचा पॅन घ्यावा आणि चालू खाते उघडावे. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. ती आजवर केली नसेल तर तेवढ्यासाठी करारपत्राची वाट पाहू नये. महाराष्ट्रातच माल विकत असाल तर वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असताना जीएसटीची नोंदणी बंधनकारक नाही आणि दुकानदाराला कर न लावता साधे बिल देता येते. मात्र बेळगाव किंवा पणजीच्या गिऱ्हाइकाला पाकिटे विकायची असतील तर उलाढाल कितीही असो, आधी नोंदणी करावी लागते. निबंधकांकडील नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, म्हणून अनेक जण ती टाळतात. आपण टाळू नये, कारण नोंदणी नसलेल्या संस्थेला थकलेल्या उधारीसाठी त्या दुकानदारावर न्यायालयात दावा लावता येणार नाही.