क्रीडा मंत्रालयाचा जन्म नेमका कोणत्या सालचा?

केंद्रातील युवक कार्य व क्रीडा मंत्रालयाच्या स्थापनेचे साल कुठे १९८२, कुठे १९८५, तर कुठे २००० असे छापलेले दिसते. त्यांपैकी परीक्षेत कोणते लिहावे आणि मुळात युवक व क्रीडा हे दोन विषय एका खात्यात कसे आले, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, दुसऱ्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागेल.

तिन्ही साले आपापल्या जागी बरोबर आहेत. १९८२ साली नवी दिल्लीत नववी आशियाई क्रीडा स्पर्धा भरायची होती, त्या निमित्ताने केंद्रात क्रीडा विभाग स्थापन झाला. १९८५ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय युवा वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्या वर्षी या विभागाच्या नावात ‘युवक कार्य’ हे शब्द आले आणि तो नव्यानेच निर्माण झालेल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाचा भाग झाला. स्वतंत्र मंत्रालयाचा दर्जा त्याला २७ मे २००० रोजी मिळाला. म्हणून प्रश्नात ‘मंत्रालय’ असा शब्द असेल तर २००० लिहावे, ‘क्रीडा विभाग’ असेल तर १९८२. पुढे एप्रिल २००८ मध्ये मंत्रालयाच्या आत युवक कार्य आणि क्रीडा असे दोन विभाग होऊन प्रत्येकाला वेगळे सचिव मिळाले, ही चौथी नोंदही लक्षात ठेवावी, कारण पर्यायांमध्ये तीच बहुधा गोंधळ उडवते.

आता दुसरा प्रश्न. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे खेळ हा सरकारचा विषय आहे असे कोणी फारसे मानत नसे. पहिली आशियाई क्रीडा स्पर्धा १९५१ साली दिल्लीतच झाली, तेव्हा केंद्रात क्रीडा खाते नव्हते. क्रीडा संघटकांनीच ती उभी केली. पुढच्याच वर्षी कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तिथून कांस्यपदक आणले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण सरकारदरबारी या खर्चासाठी हक्काने जाण्याजोगी खिडकीच नव्हती, हाही तिचाच भाग आहे. १९५३ मध्ये प्रशिक्षणाची पहिली मोठी योजना आली ती राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाची, आणि त्या होत्या आरोग्यमंत्री. १९५४ मध्ये अखिल भारतीय क्रीडा परिषद नेमली गेली, तर १९६१ मध्ये पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात प्रशिक्षक घडवणारी राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. हे सारे चाले ते शिक्षण मंत्रालयाच्या देखरेखीखाली.

युवकांचा विषयही त्याच शिक्षण मंत्रालयात वाढत होता आणि दोघांची गाठ तिथेच पडली. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार स्वयंसेवकांसह सुरू झाली. महाविद्यालयात न जाणाऱ्या ग्रामीण तरुणांसाठी १९७२ मध्ये नेहरू युवा केंद्रे आली. थोडक्यात, युवकांचे काम क्रीडा विभागापेक्षा तेरा वर्षांनी जुने आहे, तरी बोलीभाषेत या खात्याला सगळे ‘क्रीडा मंत्रालय’च म्हणतात.

मी बारा वर्षे एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो, त्यामुळे या धाकट्या ठरवलेल्या थोरल्या भावाविषयी मला थोडा पक्षपात आहे, हे आधीच कबूल करतो. दत्तक गावातल्या शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून सात दिवस मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, नंतर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा, दुपारी व्याख्यान, असा तो क्रम असे. त्या काळी खर्च केंद्र आणि राज्य यांच्यात सात आणि पाच अशा प्रमाणात वाटलेला होता. शिबिर डिसेंबरात होई आणि दोन्हींकडचे पैसे जुळून हाती येईपर्यंत मार्च उजाडे. तोवर गावातला किराणा दुकानदार आमची उधारी सांभाळी. २०१६ पासून ही योजना पूर्णपणे केंद्राच्या खर्चाने चालते.

१९८२ च्या स्पर्धेने मात्र खेळाचे पारडे जड केले. जवाहरलाल नेहरू स्टेडियमसारख्या नव्या वास्तू उभ्या राहिल्या. स्पर्धा संपल्यावर त्यांची निगा राखून त्या वापरात ठेवायच्या कोणी, या अगदी व्यावहारिक अडचणीतून १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण जन्माला आले. त्याच वर्षी पहिले राष्ट्रीय क्रीडा धोरणही जाहीर झाले.

एवढे असूनही मंत्रालयाचे हात दोन बाजूंनी बांधलेले राहिले. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत खेळ राज्यसूचीत आहे, तोही नाटक, सिनेमा आणि करमणुकीच्या पंगतीत, तेहतिसाव्या नोंदीत. त्यामुळे तालुक्याचे मैदान हा मुख्यतः राज्याचा विषय ठरतो. (आपल्याकडे क्रीडाविषयक शासन निर्णयांवर वर्षानुवर्षे ‘शालेय शिक्षण व क्रीडा विभाग’ असेच शीर्षक दिसते, जुनी सोयरीक अजून टिकून आहे.) दुसरी बाजू संघटनांची. भारतीय ऑलिंपिक संघटना १९२७ ची, दोराबजी टाटा तिचे पहिले अध्यक्ष. म्हणजे ती स्वातंत्र्याहूनही वीस वर्षांनी मोठी. अशा संस्थांच्या पदाधिकाऱ्यांच्या कार्यकाळाला मर्यादा घालणारी पहिली मार्गदर्शक सूचना सरकारने १९७५ मध्ये काढली, २०११ मध्ये तिची संहिता झाली, पण दोन्हींच्या मागे संसदेचा कायदा नव्हता. अनुदान आणि मान्यता रोखणे हेच काय ते सरकारचे हत्यार होते. संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला तो थेट ऑगस्ट २०२५ मध्ये. राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि वाद सोडवण्यासाठी न्यायाधिकरण अशी त्यात तरतूद आहे. चालू घडामोडींच्या टिपणांत तो असेलच, पण त्याच्याशेजारी १९७५ हे सालही लिहून ठेवा.