एआय एजंट चुकीचं टूल का निवडतो? वर्णनात नेमकं काय लिहावं?

समजा, तुम्ही मुंबई लोकलच्या वेळा सांगणारा एआय एजंट बनवलाय, म्हणजे प्रश्न बघून स्वतःच टूल (तुम्ही लिहून दिलेलं फंक्शन) निवडून वापरणारा प्रोग्राम. त्यातल्या लोकल ट्रेनच्या टूलचं वर्णन 'ट्रेनची माहिती देते' एवढंच आहे ना? घोळ तिथेच आहे. मॉडेलला, म्हणजे एजंटमागच्या एआयला, तुमचा कोड दिसत नाही. त्याच्या हातात टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरची स्कीमा (टूलला कोणती माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची त्याचा आराखडा), एवढंच असतं.

मुंबईत नव्या आलेल्या माणसाला 'दादरला भेट' म्हटलं तर तो निदान विचारेल, वेस्टर्न की सेंट्रल? मॉडेल बरेचदा विचारतही नाही, अंदाजे ठोकून देतं. म्हणून असं लिहा: 'दोन स्टेशनांमधल्या पुढच्या लोकल देते. मार्ग देणं बंधनकारक, कारण दादर दोन मार्गांवर आहे. फक्त वेळापत्रक मिळतं. गाडी आत्ता किती लेट आहे ते कळत नाही, त्यासाठी दुसरं टूल वापरा.' हे शेवटचं वाक्य लोक हमखास गाळतात, आणि माझ्या मते तेच सगळ्यात कामाचं.

मार्गासाठी ठरावीक पर्यायच ठेवा, वेळ २४ तासांच्या पद्धतीत मागा. रिकामी यादी आली तर गाडीच नाही की स्टेशनचं नाव चुकलं, हेही उत्तरात कळू द्या. मग १०-१२ खरे प्रश्न टाकून बघा. 'ठाण्याहून शेवटची फास्ट कधी?' हा सगळ्यात आधी.