मुंबईतील मंदी आणि सुप्याचा बाजार

प्रश्न : घरातील जुन्या दप्तरात आमच्या पूर्वजांनी सावकाराला लिहून दिलेली १८७० च्या सुमाराची काही कर्जखते मिळाली. मुंबईतील १८६५ च्या शेअरमंदीचा दख्खनच्या दंग्यांशी, म्हणजे १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या उठावाशी, संबंध होता, असे मध्यंतरी वाचनात आले. ज्याने शेअरचा कागद कधी पाहिलाही नाही, अशा शेतकऱ्यापर्यंत ही मंदी पोचली कशी?
– एक वाचक, बारामती तालुका

उत्तर : संबंध होता, पण तो सरळ नव्हता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्यांना भारतातील कापसावाचून गत्यंतर उरले नाही. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या रोज नव्याने निघू लागल्या; बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आल्याची बातमी मुंबईत येताच कापूस घसरला आणि १ जुलै या वायदेपूर्तीच्या, म्हणजे आधी ठरवलेल्या सौद्यांचे पैसे चुकते करण्याच्या, दिवशी पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. शेअरच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली बंद पडली. तिच्यात सरकारचेही भागभांडवल होते, त्यामुळे विश्वासाला बसलेला धक्का व्यापाऱ्यांपुरता राहिला नाही.

कापसाचा मोठा पैसा खानदेश-वऱ्हाडात गेला होता. पुणे-नगरकडे कापूस थोडाच. मात्र तेजीच्या त्या वर्षांत भोर घाटातील रेल्वेच्या कामावरची मजुरी आणि धान्याचे चढे भाव यांचा लाभ इकडच्या कुणब्यालाही झाला, आणि त्याची पत वाढल्यामुळे सावकारानेही हात आखडला नाही. नेमक्या त्याच काळात जमीनमहसुलाचा (साऱ्याचा) दर तीस वर्षांसाठी ठरवलेला होता, ती मुदत संपत आली होती. १८६७ साली इंदापूर तालुक्यापासून फेरआकारणी सुरू झाली, ती चढे भाव कायम राहतील असे गृहीत धरून. पुढे भाव उतरले, सारा मात्र चढाच राहिला, आणि तो भरण्यासाठी पुन्हा सावकाराच्याच ओट्यावर जावे लागले. मुंबईतील सटोडियांच्या चुकीपेक्षा सरकारची ही चूक शेतकऱ्याला अधिक भोवली, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. साध्या कर्जावर तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागे, म्हणून दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची रीत पडली. शंभर रुपयांच्या कर्जाचे काही वर्षांत किती झाले, हे अंगठा उठवणाऱ्याला कळणे अशक्यच होते. कोर्ट मात्र शेवटचे खत पाहून हुकूमनामा देई.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यात सावकारांवर बहिष्कार पडू लागला. न्हावी, धोबी, पाणक्या यांनी त्यांची कामे बंद केली. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमावाने सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. ज्याने खते मुकाट्याने काढून दिली, त्याचे घर बहुधा वाचे. लोकांना हवे होते ते कागद, आणि ते चव्हाट्यावर जाळले गेले.

प्रश्न : याचा पुढच्या राजकारणावर काही परिणाम झाला का?
– तेच वाचक

उत्तर : निश्चित झाला. १८७० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने सारावाढीची गाऱ्हाणी हाती घेतली आणि शहरातील शिकलेला वर्ग प्रथमच रयतेच्या वतीने आकडे मांडून सरकारशी वाद घालू लागला. आपल्याकडील सनदशीर राजकारणाला जमिनीचा खरा आधार मिळाला तो येथे. सरकारने दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. त्याने कोर्टाला खतामागचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला आणि कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैद बंद केली.

आपल्याकडील खतांच्या तारखा एकदा ओळीने लावून पाहाव्यात. तीन-तीन वर्षांच्या अंतराने त्याच नावांची वाढत्या रकमेची खते असतील, तर ते बहुधा एकच कर्ज आहे. १८७९ नंतरचे एखादे असल्यास त्यावर गावच्या निबंधकाची नोंद आहे का, तेही पाहावे. ती पद्धत याच कायद्याने आणली.